आठव्या माळेचा नैवेद्य

बयाबाई: चार-पाच जणी, उज्वलाताई! एकीमागं एक आडव्या झाल्या. अन् कशानं? भगरीच्या भाकरीनं!

उज्वला: हळू बोला, बयाबाई. आणि आधी दार लोटून घ्या. दिव्याला वारं लागतंय.

बयाबाई: हे लोटलं. आता ऐका. मागच्या कॉलनीतलं भजनी मंडळ नाय का, त्यांचा आज अष्टमीचा फराळ व्हता. सकाळी आरती झाली, फराळ झाला, अन् तासा-दोन तासांत समद्यांना गरगराया लागलं. उलट्या काय, घाम काय! एकीचे हात असे लटलट कापत व्हते, पाण्याचा पेला धरवंना तिला. मी भाजी घेऊन येत व्हते, माझ्या डोळ्यांदेखत गाडीत घातल्या.

उज्वला: अगं बाई! वणीच्या आई, सांभाळ गं. शुद्धीवर होत्या का?

बयाबाई: व्हत्या की. पण नजर ठरत नव्हती. तुमच्याकडं काय केलं व्हतं आज नैवेद्याला?

उज्वला: भगरीचीच भाकरी. आणि शेंगदाण्याची आमटी.

बयाबाई: मेले! कोणी खाल्ली?

उज्वला: मी नऊ दिवस दूध-फळांवर असते, ते तुम्हाला माहीत आहे. आरोहीनं खाल्ली. म्हणाली, आई, आज तुमच्या बरोबरीनं मीही उपास धरते. सातवा महिना संपत आला आहे, नको म्हणत होते मी. पण सुनेचं मन मोडवेना.

बयाबाई: पोरी, इकडं बघ. बरी हाईस ना?

आरोही: हो, बरी आहे. मावशी, त्या बायकांनी पीठ कुठून आणलं होतं?

बयाबाई: ते मला कुठं ठावं?

उज्वला: घाबरू नकोस बाळा. आपलं पीठ मोठ्या दुकानातलं आहे. लाल पाकीट, सीलबंद. या घरात देवीच्या ताटाला दुसरीकडचं येतच नाही.

बयाबाई: लागल्या पुन्हा माझ्या बाजाराला टोमणे माराया.

उज्वला: टोमणा नाही हो.

बयाबाई: मग काय? फाट्यावरचा बचत बाजार म्हंजी तुमच्या लेखी उकिरडा. हाय पत्र्याची शेड. माल खोक्यातनं आपल्या हातानं काढावा लागतो, पिशवी घरनं न्यावी लागती. पण साखर गोडच लागती ना? तुमच्या त्या काचेच्या दुकानात गार हवेचे पैसे लावत्यात, अन् दारातल्या पोरीनं नमस्कार केला त्याचेबी.

उज्वला: असेल. रोजच्या खाण्याचं कुठूनही आणा, मी कधी बोलले नाही. पण देवीला सवलतीतलं नको. तिनं आपल्याला देताना कधी सवलतीतलं दिलं का?

बयाबाई: तुम्हाला दिलं नसंल. माझा नवरा बघितला नाय वाटतं तुम्ही.

उज्वला: बयाबाई! घट बसलेत समोर.

बयाबाई: तिला ठावं हाय की. तिनंच दिलाय.

आरोही: मावशी, प्लीज. कुणाला तरी विचाराल का? पीठ कुठलं होतं ते?

बयाबाई: अगं पण तुमचं तर...

आरोही: तरी विचारा ना. आत्ता.

बयाबाई: बरं बाई, बरं. आमचा सोमनाथ रिक्षा घेऊन त्याच चौकात उभा असतो. नातेवाइकांना दवाखान्यात त्यानंच सोडलं आसंल. फोन उचलत नाय मेला, जाऊनच येते. तू नको असं तोंड करू.

उज्वला: जाताना दार लोटा हं.

बयाबाई: लोटते, लोटते. तुमच्या दिव्यापायी या घरात श्वास घ्यायची चोरी.

उज्वला: गेली. जिभेला हाड नाही, पण मनानं चांगली आहे. तू उभी का, आरोही? बस पलंगावर. मी एवढी वात पुढं सरकवते.

आरोही: आई, भाकरी थापताना पिठाला वास आला होता का तुम्हाला?

उज्वला: वास? नैवेद्याचा वास मी कसा घेईन? पदर बांधला होता नाकातोंडावरून, नेहमीसारखा.

आरोही: हो. विसरलेच मी.

उज्वला: तिच्या आधी आपण वाससुद्धा घ्यायचा नसतो. मीठदेखील अंदाजानंच घालते मी. का गं, खारट झाली होती आमटी?

आरोही: नाही, आमटी छान होती.

उज्वला: आणि भाकरी?

आरोही: छानच होती.

उज्वला: आरोही, माझ्याकडं बघून सांग.

आरोही: थोडी कडसर लागली. पहिल्या घासाला. नंतर सवय झाली.

उज्वला: कडसर? मग बोलली का नाहीस?

आरोही: प्रसाद होता ना आई. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात तुम्ही सांगितलं होतंत. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत आणि पानात टाकायचा नाही. मी सगळं संपवलं. दुसरी भाकरी तुम्ही प्रेमानं वाढलीत, तीही.

उज्वला: हो. सांगितलं होतं मी तसं.

आरोही: तुमची चूक नाही म्हणत मी.

उज्वला: थांब, थांब. असं एकदम टोकाला जायला नको. तवा जरा तापला होता माझा. एक बाजू करपली होती. करपलेलं कडू लागतंच. आणि शेंगदाण्यात एखादा खवट दाणा असतो, त्यानंही तोंड कडू होतं. पीठ चांगलंच असणार. मोठं दुकान आहे ते, त्यांची माणसं तपासत असतील, कागद असतात सगळ्याचे.

आरोही: आई, माझी बोटं बघा.

उज्वला: काय झालं बोटांना?

आरोही: थरथरतायत. मगापासून. मी मुद्दाम हात पदराखाली ठेवला होता, मावशी समोर होत्या म्हणून.

उज्वला: आण इकडं हात. गार पडलीस की गं. सकाळपासून उपाशी होतीस ना, त्यानं असेल. गूळ देते थोडा.

आरोही: आई, तुमचाही हात कापतोय.

उज्वला: हो.

आरोही: तुम्ही तर खाल्लंच नाही.

उज्वला: म्हणून तर सांगते. हात कापायला पीठच लागतं असं नाही. बातमीसुद्धा पुरते. चक्कर येते का? मळमळ?

आरोही: मळमळ कळतच नाही. रोजच असते थोडी. आणि बाळ...

उज्वला: बाळाचं काय?

आरोही: जेवल्यावर नेहमी हलतं. लगेच. महेश म्हणतो ना, जेवण झालं की याची व्यायामशाळा उघडते. आज काहीच नाही. मी पडून बघितलं, कुशीवर वळून बघितलं. काहीच नाही आई.

उज्वला: झोपलं असेल. झोपतात ती. महेशच्या वेळी मला आख्खी दुपार कळायचं नाही, हा आत आहे की नाही ते. ऊठ, ते लाल पाकीट आण बघू स्वयंपाकघरातून. तारीख वाचू. तारीख बघितली की जीव थाऱ्यावर येईल तुझा. माझा चष्मा कुठं गेला?

आरोही: पाकिटावरची तारीख वाचून उपयोग नाही.

उज्वला: का? पुसली आहे?

आरोही: पाकीट श्रावणातलं आहे. आतलं पीठ त्यातलं नाही.

उज्वला: म्हणजे? मला कळलं नाही.

आरोही: आत भरलेलं पीठ बचत बाजारातलं आहे. मी ओतलं त्याच्यात. वर क्लिप लावली, तुम्हाला ओळखू येऊ नये म्हणून.

(उज्वला चौरंगाखालून तेलाची बाटली काढते.)

आरोही: बोला ना काहीतरी.

उज्वला: थांब. दिव्यात तेल घालते. मग बोलू. हं. सांग आता. तिथलं म्हणजे खोक्यातलं?

आरोही: नाही. खोक्यातलं असतं तर एवढी भीती वाटली नसती. तो माल रोज संपतो, रोज नवा येतो, मी बघते ना. हे पैसे द्यायच्या काउंटरजवळ एक रॅक आहे, तिथलं. ज्याची तारीख जवळ आली ते तिथं ठेवतात, आणखी कमी भावात. पाकिटाचा कोपरा फाटला होता, चिकटपट्टी लावली होती. भावाचं स्टिकर बरोबर तारखेवर होतं. मी घरी येऊन नखानं काढायला गेले, तर स्टिकरबरोबर तारीखही खरवडली गेली. मला वाटलं, पीठच तर आहे. पिठाला काय होतंय.

उज्वला: आणि ते पाकीट?

आरोही: फेकलं. घंटागाडीत गेलं त्याच दिवशी. तुम्हाला दिसू नये म्हणून लगेच खाली नेऊन टाकलं.

उज्वला: एवढं एकच आणलंस का तिथून?

आरोही: सगळं.

उज्वला: सगळं म्हणजे?

आरोही: साबुदाणा, राजगिरा, तूप. कापूर. महेशचा ओव्हरटाइम बंद झाला तेव्हापासून मी मोठ्या दुकानात गेलेच नाही. त्यांची कापडी पिशवी घेऊन निघते ना मी, ती नुसती घडी करून नेते. बचत बाजारात सामान घेते, आणि बाहेर आल्यावर त्या पिशवीत भरते.

उज्वला: दिव्याचं तेल?

आरोही: तेही.

उज्वला: हे? हे आत्ता घातलं ते?

आरोही: हो. माफ करा, आई.

उज्वला: घट बसल्यापासून जळतोय. काजळी नाही धरली एकदाही. काल मी मनात म्हणत होते, यंदा ज्योत किती शांत आहे.

आरोही: रागवा ना मला. असं बोलू नका.

उज्वला: महेशला ठाऊक आहे?

आरोही: नाही. तो म्हणाला असता, आईच्या देवाचं तरी तिथूनच आण. तुमचा शब्द आहे ना घरात. देवीला सवलतीतलं नको. आणि मला सारखं वाटायचं, बाळंतपण साधं झालं नाही तर? ऑपरेशन लागलं तर? कुठून तरी थोडं थोडं मागं टाकायला हवं होतं. आणि मी टाकलं कुठून, तर नैवेद्यातून. बाळासाठी वाचवायला गेले आणि बाळालाच...

उज्वला: पुढं बोलू नकोस. ते वाक्य या घरात पुरं करायचं नाही.

आरोही: देवीनं शिक्षा केली असेल का, आई?

उज्वला: ती आई आहे. पोटातल्या जिवाला शिक्षा करणारी नाही ती. आणि शिक्षाच करायची असती, तर पदर माझ्या नाकावर होता. वास न घेतल्याची ती आधी मला केली असती. रडू नकोस. फोन घे. दवाखान्यात लाव, त्या डॉक्टरीणबाईंना.

आरोही: काय सांगू?

उज्वला: खरं तेच सांग. कडू लागलं तेही, आणि तारीख नव्हती तेही. लपवू नकोस काही.

(आरोही फोन लावते.)

आरोही: हॅलो... मॅडम आहेत का?... ऑपरेशनमध्ये?... तुम्ही सिस्टर का? सिस्टर, मी आरोही, सातवा संपतोय, मागच्याच आठवड्यात दाखवून गेले... हो, तीच. मी दुपारी भगरीची भाकरी खाल्ली आणि... हो, ऐकलंय आम्ही त्यांचं... नाही, उलटी नाही झाली. हात थरथरतायत. कडू लागत होतं पीठ... पाकीट नाहीये. तारीख माहीत नाही... सिस्टर, बाळ हललं नाही जेवल्यापासून... हो... नाही, एकटी नाही, सासूबाई आहेत... हो. हो. येते.

उज्वला: काय म्हणाल्या?

आरोही: लगेच या म्हणाल्या. उलटी मुद्दाम काढू नका. उरलेलं पीठ आणि भाकरीचा तुकडा असेल तर बरोबर आणा. आई, त्यांचा आवाज बदलला. आधी वैतागल्यासारख्या बोलत होत्या. बाळ हललं नाही म्हटल्यावर एकदम हळू बोलायला लागल्या.

उज्वला: नर्स आहे ती. तिला हळूच बोलावं लागतं. तुझी फाइल कुठं आहे?

आरोही: कपाटात, वरच्या कप्प्यात. मी महेशला फोन करते.

उज्वला: तो सिन्नरला कारखान्यात. फोन त्याचा लॉकरमध्ये असतो सुट्टी होईस्तोवर. मेसेज टाकून ठेव. मी येते तुझ्याबरोबर.

आरोही: तुम्ही?

उज्वला: मग कोण?

आरोही: पण घट... अखंड दिवा आहे आई. तुम्ही नऊ दिवस उंबरा ओलांडत नाही. मामांच्या वेळी तुम्ही...

उज्वला: माझा भाऊ वारला तेव्हाही नव्हते गेले, माहीत आहे मला. तू आठवण नको करून देऊस. तो पदर नीट घे खांद्यावर. पाणी पी दोन घोट.

आरोही: मी मावशींना घेऊन जाते ना. तुम्ही इथं बसून जप करा. मला बरं वाटेल, तुम्ही दिव्याजवळ आहात म्हटल्यावर.

उज्वला: मला नाही वाटणार. पीठ त्या लाल पाकिटातच आहे ना? कुठल्या फडताळात?

आरोही: वरच्या. आई, थांबा, तुम्ही नका चढू. मी...

उज्वला: तू हलू नकोस जागची. मिळालं. क्लिप काढते जरा.

आरोही: काय करताय?

उज्वला: वास घेते.

आरोही: ते... नैवेद्याचं आहे.

उज्वला: आता कुठलं नैवेद्याचं. ...अगं आई गं.

आरोही: काय? येतोय का?

उज्वला: चल. चल लवकर.

बयाबाई: ओ ताई! उघडा! दार कशाला लावून घेतलंय?

उज्वला: उघडंच आहे, या. सोमनाथ आहे का खाली?

बयाबाई: हाय की, रिक्षा घेऊनच आलाय. कळलं! पीठ कुठलं ते कळलं. त्यानंच त्या बायांच्या घरच्यांना सोडलं दवाखान्यात. बसा अन् ऐका.

उज्वला: उभ्यानंच सांगा.

बयाबाई: तुमच्या काचेच्या दुकानातलं! लाल पाकीट. सीलबंद, तारीख धडधाकट. मंडळाच्या बाईनं मुद्दाम तिथनं आणलं व्हतं, देवीचं काम म्हणून. आता बोला! मी म्हणत व्हते का न्हाय, झगमगाटाला काय... अगं पोरी, तू का रडतीस? तुम्ही कुठं निघालात? हिला काय झालं?

आरोही: म्हणजे मी तिथून आणलं असतं तर... आई, म्हणजे आपलं पीठ चांगलं असेल का? ते तिथलं होतं, आपलं इथलं आहे.

उज्वला: बाळा, आपल्या पिठाचा वास मी आत्ता घेतला.

आरोही: मग दोन्हीकडचं?

उज्वला: असेल. कुणाची गिरणी, कुणाचं गोदाम, आपल्याला काय ठाऊक. काचेतलं म्हणून मी डोळे मिटले, स्वस्तातलं म्हणून तू. फाइल घेतलीस?

बयाबाई: थांबा, थांबा. इथलं म्हंजी कुठलं? काय चाललंय काय?

उज्वला: बयाबाई, आरोहीला दवाखान्यात नेते आहे मी. तिनं खाल्लेलं पीठ खराब होतं. बाळ हलत नाही दुपारपासून.

बयाबाई: आई शप्पत! अन् मी इथं... सोमनाथ! ए सोमनाथ! रिक्षा वळवून ठेव! चला चला, धर पोरी माझा हात. ताई, चपला तरी घाला. डांबर तापलंय बाहेर.

उज्वला: नऊ दिवस अनवाणी आहे मी. तेवढं राहू दे.

आरोही: आई, थांबा. जरा थांबा.

उज्वला: चक्कर आली?

आरोही: नाही. बोलू नका कुणी. ...हललं.

उज्वला: नक्की?

आरोही: इथं, उजवीकडं. हात द्या तुमचा. इथं ठेवा. आत्ता होतं... आता नाही.

उज्वला: मला नाही लागलं काही.

आरोही: होतं आई. खरंच होतं. एकदाच, पण होतं. मग आता जायलाच हवं का? तुमचा दिवा... थोडा वेळ वाट बघूया?

उज्वला: हललं म्हणून तर घाई करायची. त्यानं सांगितलं की आहे मी. आता आपण बसून राहायचं? चल, एकेक पायरी. कठडा धर.

बयाबाई: मी मागनं येते, कुलूप कुठं हाय तुमचं?

उज्वला: तुम्ही येऊ नका. तुम्ही इथं बसा. घराला कुलूप नाही लावायचं, दिव्याजवळ माणूस हवं.

बयाबाई: मी? ताई, मी आज अंघोळ केलीय खरी, पण परवाच्याला बोंबील खाल्लेत. तुमच्या देवीला चालंल का?

उज्वला: चालेल.

बयाबाई: मला त्यातलं काय कळत नाय हो. कधी काय घालायचं...

उज्वला: तेल खाली गेलेलं दिसलं की थोडं घाला. वात पुढं सरकवा, बोटानं नाही, काडीनं. बाटली चौरंगाखाली आहे. तुमच्याच बाजारातली.

बयाबाई: आँ? माझ्या बाजारातली?

उज्वला: आल्यावर सांगते.

आरोही: आई, तुमचा हात सोडू नका.

उज्वला: धरलाय गं. हा बघ, धरलाय.

बयाबाई: अन् ताई! ओ ताई! समजा वारं आलं, अन् माझ्या हातनं इझलाच तर?

उज्वला: परत लावा. काडेपेटी फ्रीजवर आहे.